आंबोलीच्या पावसात घरात अडकलात तर: दोन मुले, सासूबाई आणि तीन लांब दिवस

ताई, इतरांनाही कळावे म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगते. तुम्ही म्हापशाच्या. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात तीन रात्रींसाठी आंबोलीला स्वयंपाकघर असलेले घर घेतले आहे. सोबत यजमान, ११ वर्षांची मुलगी, ५ वर्षांचा मुलगा आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाई. गेल्या वर्षी हॉटेलच्या खोलीत राहिलात तेव्हा पाऊस थांबलाच नाही, मुले रिमोटवरून भांडली, सासूबाई कंटाळल्या आणि तुम्ही एक दिवस आधीच घाट उतरलात. यंदा घरात बसून काय करता येईल, असे विचारता.

मी डिचोलीला प्राथमिक शाळेत शिकवत होते. निवृत्तीनंतर पावसाळ्यात गोव्यातल्या कुटुंबांना आंबोलीला घेऊन जाते, त्यामुळे तुमची अडचण मला चांगली ठाऊक आहे. आधी पावसाचा अंदाज नीट घ्या. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोच आपल्याला पुष्कळ वाटतो. आंबोली जेमतेम ६९० मीटर उंचीवर आहे, पण समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीच्या त्याच भिंतीवर चढतात आणि थंड होऊन रिकामे होतात. तिथला आकडा वर्षाला ७,००० च्या पुढे जातो आणि त्यातला मोठा भाग जुलै-ऑगस्टमध्येच पडतो. म्हणून ‘पाऊस थांबला की जाऊ’ या बेताने आंबोलीला जाऊच नये. पाऊस पडत राहणार हे धरूनच दिवस आखायचा.

माझे सगळ्यात महत्त्वाचे सांगणे एकच आहे: दिवसाला एकच मोठे काम ठेवा, आणि ते हाताने करायचे असू द्या. बहुतेक पालक बॅगेत सापशिडी, पत्ते, कोडी, रंगवायची पुस्तके असे आठ-दहा प्रकार भरून आणतात. ते सगळे पहिल्या दिवशी दुपारच्या जेवणापर्यंत संपतात, कारण प्रत्येक खेळ वीस मिनिटांचा असतो आणि त्यात हरणारे कोणीतरी असतेच. त्याऐवजी तीन-चार तास चालणारे, टप्प्याटप्प्याने पुढे सरकणारे आणि पाच वर्षांच्या मुलापासून आजीपर्यंत प्रत्येकाच्या हाताला काही देणारे काम घ्या. मध्येच कोणी उठून खिडकीत जाऊन बसले तरी ते थांबत नाही. शाळेतही मी हेच पाहिले आहे. मूल कंटाळते ते बहुतेक वेळा आपल्यावाचून काही अडत नाही असे त्याला वाटते म्हणून.

यातले पहिले काम म्हणून गंजिफा सुचवते. आंबोलीहून घाट उतरून सुमारे तीस किलोमीटरवर सावंतवाडी आहे, आणि गोल हातरंगी पत्त्यांची ही कला तिथल्या राजवाड्यात आजही चालते. कला विस्मरणात जात होती तेव्हा तिथल्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७० च्या दशकात तिला पुन्हा उभे केले. दशावतारी गंजिफ्यात मत्स्य, कूर्म, वराह असे कल्कीपर्यंत दहा रंग (म्हणजे बदाम-किल्वरसारखे गट) असतात आणि प्रत्येक रंगात १२ पाने: राजा, प्रधान आणि एक ते दहा. एकूण १२० पाने. एवढी आपल्याच्याने होणार नाहीत. आपण चारच रंग घ्यायचे, म्हणजे ४८ पाने होतात. रंग पावसाचे घ्या: बेडूक, खेकडा, अळंबी आणि तेऱ्याचे (रानअळवाचे) पान. मुलांना दुसरे काही सुचले तर तेच घ्या.

घरी पडलेल्या जुन्या लग्नपत्रिका जमवून न्या, तो पुठ्ठा जाड आणि गुळगुळीत असतो. सासूबाईंची बांगडी ठेवून पाच वर्षांच्या मुलाने गोल आखायचे. हे काम त्याच्याकडेच राहू द्या, गोल थोडे वाकडे आले तरी चालते. कापायचे मुलीने आणि तुम्ही. कोणत्या गटाच्या पानांना मागे कोणता रंग, राजा कसा बसवायचा, प्रधानाच्या हातात काय द्यायचे, हे आजीने ठरवायचे. बेडकांच्या राजाला छत्री द्यायची की अळवाचे पान, यावर अर्धा तास जातो आणि तो वेळ छान जातो. यजमानांकडे आकडे आणि मोजणी. पाण्याचे रंग मात्र अजिबात नेऊ नका. आंबोलीच्या हवेत ते तासन्‌तास वाळत नाहीत आणि पाने एकमेकांना चिकटतात. गोंदाचेही तसेच. मेणाचे खडू आणि रंगीत पेन्सिली न्या.

खेळायचा नियम सोपा ठेवा. चौघांना बारा-बारा पाने वाटा. पहिल्याने टाकलेल्या रंगाचे पान हातात असेल तर तेच टाकायचे, त्या रंगात ज्याचे पान मोठे त्याचा हात, आणि हुकूम नाही. राजा सगळ्यात मोठा, त्याखाली प्रधान, मग दहापासून एकपर्यंत. मुलगी सरावली की मूळ गंजिफ्यातली एक गंमत आणा: निम्म्या रंगांत क्रम उलटा असतो, म्हणजे प्रधानाखाली एक्का मोठा आणि दश्शा सगळ्यात लहान. अकरा वर्षांच्या मुलीची बुद्धी इथे चांगली कामाला लागते आणि आजीला ती सहज हरवूही शकते. धाकट्याला जिंकलेले हात गोळा करून ढीग लावायला द्या. संध्याकाळपर्यंत घरात स्वतःचा पत्त्यांचा जोड तयार असतो आणि तो उरलेले दोन्ही दिवस पुरतो.

दुसरे मोठे काम स्वयंपाकघरातले, पातोळ्यांचे. त्या दिवसांत म्हापशाच्या बाजारात हळदीची पाने मिळतात. शुक्रवारचा बाजार जवळ येत असेल तर तेव्हाच घ्या. ओल्या फडक्यात गुंडाळून नेली की दोन दिवस ताजी राहतात. घरी आपण तांदूळ भिजवून वाटतो, पण आंबोलीला पावसात वीज जाते आणि मिक्सरच्या भरवशावर बसलात तर सकाळ वाया जाते. घरूनच तांदळाची पिठी न्या आणि चिमूटभर मीठ घालून ती इडलीच्या पिठाएवढी घट्ट भिजवा. नारळ मात्र तिथेच खवायचा, कारण ते काम सासूबाईंचे. अडाळ्यावर बसणे गुडघ्यांमुळे जमणार नसेल तर टेबलाला लावता येणारी खवणी मिळते, ती बरोबर ठेवा. गूळ चिरणे मुलीकडे. वेलदोडे सोलून कुटणे धाकट्याकडे, आणि तो हे काम फार मन लावून करतो. पानावर बोटांनी पीठ पसरायचे, मधोमध चून, म्हणजे गूळ-खोबऱ्याचे सारण, घालायचे, शिरेवरून पान दुमडायचे आणि पंधरा-वीस मिनिटे उकडायचे. झाकण काढल्यावर हळदीच्या पानाचा वास घरभर पसरतो, आणि बाहेर धुके दाटलेले असले तरी आत कोणाला काही कमी वाटत नाही.

चूल असेल तर फणसाच्या बियाही भाजा. प्रत्येक बीला सुरीने एक चीर द्या, नाहीतर आतली वाफ कोंडून बी फुटते आणि निखारे उडतात. हे काम मोठ्यांनीच करायचे. आपल्या बऱ्याच घरांत या दिवसांपर्यंत बिया साठवलेल्या असतात, मूठभर बरोबर घ्या.

इथेच सासूबाईंचे खरे काम सुरू होते. खातापिता त्यांना विचारा की त्यांच्या लहानपणी पावसाळ्यापूर्वी घरात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, म्हणून काय काय भरत. सुकी मासळी, सोलां (आमसुले), चिंच, मिरच्या, मीठ, पापड, फणसाची साठं, चुलीचे लाकूड. कुठे ठेवत, कशात ठेवत, मुंग्या लागू नयेत म्हणून काय करत, पूर आला तर शाळेत कसे जात. मुलीला एक कोरी वही द्या आणि तिने आजीचे बोलणे आजीच्याच शब्दांत लिहायचे, शेजारी चित्र काढायचे. आजी कोकणीत बोलल्या तर वहीत कोकणीच येऊ द्या. आजीला नुसते ‘गोष्ट सांगा’ म्हटले तर ती दहा मिनिटांत संपते. वस्तूबद्दल विचारले की एका वस्तूतून दुसरी निघते आणि तास-दीड तास कसा गेला कळत नाही. सासूबाई गेल्या वर्षी कंटाळल्या असे तुम्ही लिहिले आहे. मला वाटते त्यांना कोणी काही विचारलेच नसावे. कृपा करून हे काम वगळू नका, या सगळ्यात मला सर्वांत मोलाचे हेच वाटते.

तिन्ही दिवस मागे चालू ठेवायचे काम म्हणजे पाऊस मोजणे. सरळ बाजूंची, उंच, सपाट बुडाची बरणी घ्या, गळ्याशी निमुळती होणारी बाटली नको. ती उघड्यावर ठेवा, पागोळ्यांपासून आणि झाडांपासून लांब, भोवती दगड लावून, म्हणजे वाऱ्याने कलंडणार नाही. बरणीत जितके मिलिमीटर पाणी उभे राहील तितके मिलिमीटर पाऊस पडला, मग बरणी रुंद असो की अरुंद. असे का, हे मुलीला स्वतःच शोधू द्या. हवामान खाते सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ असा दिवस धरते, तुम्हीही तीच वेळ पाळा. आंबोलीत बरणी रात्रीत भरून वाहू शकते, म्हणून संध्याकाळीही एकदा मोजून ओता आणि दोन्ही आकड्यांची बेरीज करा. एका दिवसात ६४.५ मिलिमीटरच्या पुढे पाऊस झाला तर हवामान खाते त्याला जोरदार म्हणते, ११५.६ च्या पुढे अतिजोरदार आणि २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार. आपली बरणी कोणत्या वर्गात बसली हे पाहायला मुले सकाळी न उठवता उठतात. म्हापशाला शेजाऱ्यांकडे तशीच एक बरणी ठेवून जा आणि रोज फोनवर आकडा विचारा. घाटमाथा आणि किनारपट्टी यांतला फरक पुस्तकातून इतका नीट कळत नाही. गोव्याची वर्तमानपत्रे अजून पाऊस इंचांत सांगतात, तेव्हा २५.४ ने भागायचे गणितही आपोआप होते.

रात्रीसाठी माझे आवडते काम पांढऱ्या चादरीचे. व्हरांड्यात छपराखाली जुनी पांढरी चादर दोरीवर ताणून बांधा आणि तिच्यावर प्रकाश पडेल असा दिवा लावा. पिवळा दिवा नको, पांढरा किंवा निळसर हवा, कारण पतंग अतिनील आणि निळ्या प्रकाशाकडे जास्त ओढले जातात. वारा नसेल, हवा दमट असेल आणि चांदणे नसेल त्या रात्री अर्ध्या तासात चादर भरते. वाळक्या पानासारखे, सालीसारखे, पक्ष्याच्या विष्ठेसारखे दिसणारे, सोनेरी, हिरवे असे सगळे प्रकार येतात. ॲटलस पतंग आला तर नशीब उघडले म्हणायचे. पंख पसरल्यावर तो वीतभराहून मोठा दिसतो, आणि प्रौढ झाल्यावर काही खातच नाही, सुरवंट असताना साठवलेल्यावर उरलेले थोडे दिवस काढतो. हे ऐकल्यावर मुले गप्प होऊन त्याच्याकडे बघत राहतात. हात लावायचा नाही, फक्त बघायचे आणि वहीत काढायचे. तास-दीड तासाने दिवा बंद करा, म्हणजे ते आपापल्या कामाला जातील. जुलैच्या अखेरीस जगभरचे हौशी लोक पतंग सप्ताह पाळतात, तेव्हा तुमच्या मुलीला पुढे यात गोडी लागली तर सोबतीही मिळतील.

दिवा बंद केल्यावर तिथेच अंधारात दहा मिनिटे बसा आणि बेडकांचे आवाज वेगळे करा. एक टकटक करतो, एक खरवडल्यासारखा, एक झाडावरून. आंबोली बेडकांसाठी प्रसिद्ध आहे. आंबोलीचे नाव मिळालेला एक छोटा भेक २००९ साली शास्त्रज्ञांनी नोंदवला, आणि बोटांमधल्या पडद्यांच्या आधाराने झाडावरून तरंगत उतरणारा मलबारी बेडूकही तिथे आहे. त्यांना पाहायला रात्री रानात जायची गरज नाही, व्हरांड्यातून ऐकले तरी पुष्कळ मिळते. पहाटे जाग आली तर शीळ घालणारा कस्तूर ऐका. एखादा माणूस रमतगमत शीळ घालत चालला आहे असेच वाटते.

आता अंगातल्या रगेचे काय करायचे? बैठ्या कामांनी पाच वर्षांचा मुलगा दुपारनंतर उड्या मारू लागणारच. रोज तासभर घामाचे ठेवा. खाट-टेबल भिंतीला सरकवा, फरशी कोरडी पुसून घ्या आणि फुगडी घाला. सासूबाईंना चवथीच्या फुगड्यांची गाणी येत असणार, त्यांनी खुर्चीत बसून म्हणायची आणि डब्यावर ताल धरायचा. यजमानांनीही फुगडी घालावी, बाबा फुगडी घालतो हे मुलांना फार आवडते. आंधळी कोशिंबीर पावसाळ्यात घरात उत्तम. भेंड्या रात्री जेवणानंतर, वीज गेली की.

चल्लस-आठ या सोंगट्यांच्या खेळाचा पट जमिनीवर खडूने आखता येतो, पाच बाय पाच घरांचा, चिंचोके फोडून त्यांचे फासे. सासूबाईंना नियम येत असतील. नसतील येत तर तुम्ही आधी घरी शिकून जा.

मोबाइलबद्दल सगळेच विचारतात. माझे मत असे की पूर्ण बंदी सुट्टीत टिकत नाही. दुपारी जेवणानंतर एक तास ठरवा, त्यात काय बघायचे ते घरूनच डाउनलोड करून न्या, आणि त्या तासात मोठ्यांनी झोप काढावी. बाकीच्या वेळी मात्र यजमानांचा फोनही कपाटात. मुले आपल्या हातांकडे बघतात.

एक महत्त्वाचे, कारण ते घरात बसण्याशीच जोडलेले आहे. उघडीप मिळाली की हातातले टाकून लगेच बाहेर पडा. उकडायला ठेवलेले असेल तर गॅस बंद करून निघा. अर्धा-पाऊण तासच मिळतो, पण त्या चालण्याने पुढचे चार तास घर सुखी राहते. हिरण्यकेशीला जा. तिथल्या कुंडात सापडलेला एक मासा शास्त्राला नवा निघाला, त्याच्या नावातही हिरण्यकेशी आहे, आणि २०२१ साली त्या जागेला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. मुलांना माशाला पाव घालू देऊ नका, पाण्यात उतरू देऊ नका. धबधब्यावर शनिवार-रविवारी गोवा, बेळगाव, कोल्हापूर सगळीकडची गर्दी लोटते, मुले आणि सासूबाई बरोबर असताना ते दोन दिवस टाळाच. नारिंगी किंवा लाल इशारा असेल त्या दिवशी घाट चढू-उतरू नका, दरड कोसळते. अंधार पडल्यावरही नको, धुक्यात समोरची गाडी दिसत नाही.

आता घराबद्दल. पैसे पूर्ण दिले नसतील तर मालकांना आज फोन करा आणि विचारा: व्हरांड्याला पावसाच्या बाजूने आडोसा आहे का, की झड आत येते? इन्व्हर्टर आहे का? सगळ्यांना एकत्र बसता येईल एवढे टेबल किंवा सतरंजी आहे का? कपडे वाळत घालायला छपराखाली दोरी आहे का? संडास-न्हाणी आत आहे ना, सासूबाईंना रात्री ओल्या अंगणातून जावे लागणार नाही ना? व्हरांडा नसलेले घर पावसात निम्म्याने लहान होते. तसे निघाले तर घर बदलण्याचा विचार करा, हे मी मनापासून सांगते.

बॅगेत पातळ सुती कपडे जास्त घ्या, जीन्स तीन दिवस वाळत नाही. बुटांत भरायला जुनी वर्तमानपत्रे. काडेपेटी सादळते, लायटर न्या. मीठ घट्ट झाकणाच्या डब्यात. जळवांसाठी थोडे वेगळे मीठ, लागली तर ओढायची नाही, मीठ लावले की सुटते. बूट घालण्यापूर्वी रोज झटकायचे, ही सवय मुलांना पहिल्याच दिवशी लावा, आडोशाला विंचू-साप येतात. प्रत्येकाला स्वतःची छोटी बॅटरी, धाकट्यालाही.

परतताना सावंतवाडीला उतरून अर्धा दिवस ठेवा. राजवाडा कोणत्या वेळी उघडा आहे हे आदल्या दिवशी फोन करून विचारा. आधी स्वतःचे ४८ गोल पत्ते करून मग तिथले कारागीर पाहिले की मुलगी ब्रश, रंग, किनारीची नक्षी यांबद्दल जे प्रश्न विचारते ते नुसत्या पर्यटकाला सुचत नाहीत. म्हणून हा क्रम उलटा करू नका, राजवाडा शेवटीच. नंतर चितार आळीत लाकडी खेळणी बघा. धाकट्यासाठी रंगीत लाकडी फळे घ्या, खरी वाटतात. सासूबाईंसाठी गाडी दाराशी उभी करता येते का, ते तिथेच विचारून घ्या.